मुंबई–न्यूयॉर्क : अंतर, वेळ आणि वारा

वर्गातल्या फळ्यावर पुढील चार ओळी लिहाव्यात.

मुंबईहून प्रस्थान : रात्री १.३०
न्यूयॉर्कला आगमन : त्याच दिवशी सकाळी ७.००
न्यूयॉर्कहून प्रस्थान : दुपारी १२.००
मुंबईला आगमन : दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३०

हे कोणा एका कंपनीचे वेळापत्रक नव्हे. या दोन शहरांदरम्यान वाटेत न थांबता जाणाऱ्या विमानांना हिवाळ्यात साधारणपणे जेवढा वेळ लागतो, तो धरून सोयीसाठी घेतलेले हे आकडे आहेत. सर्व वेळा त्या त्या शहरातील घड्याळाप्रमाणे दिल्या आहेत. आता विद्यार्थ्यांना दोनच प्रश्न विचारायचे : या शहरांमधले अंतर किती? आणि विमानाला वेळ किती लागतो?

प्रश्न पाचवीच्या गणितातले वाटतात. अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे सूत्र सर्वांना पाठ असते. परंतु हे सूत्र येथे लावू गेलो, की अंतर कोणत्या वाटेने मोजायचे, वेग कशाच्या संदर्भात धरायचा आणि वेळ कोणाच्या घड्याळाने सांगायची, असे तीन प्रश्न पुढे येतात. त्यांची उत्तरे शोधताना पृथ्वीचा गोल आकार, तिचे स्वतःभोवती फिरणे आणि तिच्या वातावरणातील वारे या तिन्ही गोष्टी चार ओळींच्या वेळापत्रकात कशा दडलेल्या असतात ते दिसते.

घड्याळांचा घोळ

घड्याळांवर विश्वास ठेवला, तर जायला साडेपाच तास आणि यायला साडेचोवीस तास लागतात असे म्हणावे लागेल. ते खरे नाही, हे मुलांना लगेच कळते. दोन ठिकाणची घड्याळे वेगळी वेळ दाखवतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. म्हणजे जाताना ५.३० अधिक १०.३० असे १६ तास लागले, आणि येताना २४.३० वजा १०.३० असे १४ तास. (उन्हाळ्यात न्यूयॉर्कची घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा हा फरक साडेनऊ तासांचा होतो.)

हे साडेदहा तास आले कुठून? मुंबई सुमारे ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि न्यूयॉर्क सुमारे ७३.८ अंश पश्चिम रेखांशावर. दोहोंमधील फरक १४६.७ अंश. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून सूर्याच्या हिशेबाने दोन शहरांतील फरक ९ तास ४७ मिनिटांचा होतो. उरलेली ४३ मिनिटे ही माणसांनी सोयीसाठी केलेल्या ठरावातून आली आहेत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे. त्यामुळे मुंबईची घड्याळे सूर्याच्या सुमारे ३८ मिनिटे पुढे असतात. न्यूयॉर्कची वेळ ७५ अंश पश्चिम रेखांशावरची असल्याने तेथील घड्याळे सूर्याच्या सुमारे ५ मिनिटे मागे असतात. ३८ आणि ५ मिळून ४३. हिशेब तंतोतंत जुळतो.

येथे एक छोटी युक्ती सांगण्यासारखी आहे. घड्याळांतील फरक ठाऊक नसला, तरी जाण्याचे ५.३० आणि येण्याचे २४.३० तास यांची बेरीज करावी. ती ३० येते, आणि १६ अधिक १४ हीसुद्धा ३०च होते. प्रमाणवेळेतील फरक एकदा मिळवला आणि एकदा वजा केला गेल्याने तो नाहीसा होतो. अर्थात या युक्तीने फक्त एकूण वेळ कळतो. जाण्याचे १६ आणि येण्याचे १४ तास कळण्यासाठी प्रमाणवेळेतील फरक ठाऊक असावाच लागतो.

तो फरक वजा करूनही एक कोडे शिल्लक राहते. तेच विमान, तीच दोन शहरे. मग जायला १६ आणि यायला १४ तास का? या कोड्याकडे वळण्यापूर्वी अंतराचा प्रश्न सोडवू या.

नकाशावरची सरळ रेषा आणि गोलावरचा दोरा

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडून पहा. बहुतेक शाळांतील नकाशे मर्केटरच्या किंवा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या प्रक्षेपणावर काढलेले असतात. मर्केटरच्या नकाशावर ही रेषा अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आणि मोरोक्को ओलांडून अटलांटिक महासागरावरून न्यूयॉर्कला पोहोचते. तिची दिशा जवळजवळ पश्चिमेची, जेमतेम दहा अंश उत्तरेला कललेली असते. या वाटेची खरी लांबी काढली तर ती सुमारे १४,२०० कि.मी. भरते.

आता पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणा. तो घसरून आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर स्थिर होईल. मुलांना आश्चर्य वाटते ते येथे. दोरा अरबस्तानाकडे जातच नाही. मुंबईहून तो उत्तरेकडे निघतो (उत्तरेपासून पश्चिमेला फक्त २७ अंशांचा कोन करून) आणि सौराष्ट्र, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान असा जात मॉस्कोच्या जवळून पुढे सरकतो. तेथून हेलसिंकी, नॉर्वेतील ट्राँडहाइम, आइसलंड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक आणि कॅनडातील लॅब्राडोर यांना स्पर्श करून तो न्यूयॉर्कला उतरतो. वाटेत तो सुमारे ६४.७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढलेला असतो. मुंबई १९ अंशांवर आणि न्यूयॉर्क ४१ अंशांच्या आसपास. तरीही त्यांना जोडणारी सर्वांत जवळची वाट जवळपास उत्तर ध्रुववृत्तापर्यंत जाते.

या वाटेला बृहत्‌वृत्ताचा कंस म्हणतात. गोलाचा मध्यबिंदू आणि दोन शहरे यांतून जाणाऱ्या पातळीने गोल कापला, तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते ते बृहत्‌वृत्त. विषुववृत्त हे बृहत्‌वृत्त आहे आणि समोरासमोरची दोन रेखावृत्ते मिळूनही एक बृहत्‌वृत्त होते. इतर अक्षवृत्ते मात्र बृहत्‌वृत्ते नाहीत, म्हणूनच एकाच अक्षांशावरील दोन दूरच्या गावांमधली जवळची वाट त्या अक्षवृत्तावरून जात नाही.

त्रिकोणमिती शिकलेल्या विद्यार्थ्यांना हे अंतर गणितानेही काढता येईल. दोन शहरांचे अक्षांश अ१ व अ२, त्यांच्या रेखांशांतील फरक र आणि पृथ्वीच्या मध्याशी दोन शहरांमध्ये होणारा कोन क असेल, तर

कोसाइन क = साइन अ१ × साइन अ२ + कोसाइन अ१ × कोसाइन अ२ × कोसाइन र

अ१ = १९.१ अंश, अ२ = ४०.६ अंश आणि र = १४६.७ अंश घातल्यावर कोसाइन क = उणे ०.३८७ येते. म्हणजेच क = सुमारे ११२.८ अंश. पृथ्वीवर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ कि.मी., म्हणून अंतर सुमारे १२,५४० कि.मी.

नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा ही ‘वाकडी’ वाट सुमारे १,६५० कि.मी.नी जवळची आहे. विमानाला त्या अंतरासाठी जवळजवळ दोन तास लागतात. बोइंग ७७७ जातीचे मोठे विमान तासाला सात-आठ टन इंधन जाळते, हे लक्षात घेतले म्हणजे गोलाची भूमिती किती मोलाची आहे ते कळेल.

मग मर्केटरचा नकाशा चुकीचा म्हणायचा काय? तसे नाही. १५६९ साली मर्केटरने तो खलाशांसाठी तयार केला. त्या नकाशावर सरळ रेषा म्हणजे होकायंत्राचा काटा सतत एकाच दिशेला ठेवून करायचा प्रवास. वाऱ्यावर चालणाऱ्या गलबताला जवळच्या वाटेपेक्षा दिशा न चुकणे महत्त्वाचे होते. प्रत्येक नकाशा काहीतरी जपतो आणि त्यासाठी दुसरे काहीतरी सोडतो. मर्केटरने दिशा जपली, अंतर सोडले.

प्रत्यक्षात विमाने या दोऱ्याच्या वाटेवरून तंतोतंत कधीच जात नाहीत. वाटेत कोणाचे तरी आकाश असते. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बहुतेक वाहतुकीसाठी बंद ठेवले होते. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना ते पुन्हा बंद झाले. उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना तेव्हा अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. २०२२ साली युक्रेनमधील युद्ध सुरू झाल्यावर रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाले. तेव्हा टोकियोहून हेलसिंकीला सुमारे साडेनऊ तासांत जाणारे फिनलंडचे विमान थेट उत्तर ध्रुवाच्या बाजूने वळसा घालून जाऊ लागले आणि त्याला सुमारे तेरा तास लागू लागले. भूमितीने ठरवलेली जवळची वाट राजकारणामुळे अशी लांब होते.

पृथ्वी फिरते, मग पश्चिमेला जाणे सोपे का नाही?

आता त्या दोन तासांच्या कोड्याकडे वळू. हुशार मुले येथे एक शंका हमखास विचारतात आणि ती विचारायलाच हवी. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान हवेत अधांतरी राहिले, तर खालची जमीन पूर्वेकडे सरकेल आणि पश्चिमेचा प्रदेश आपोआप विमानाखाली येईल. मग न्यूयॉर्कला जाताना कमी वेळ लागायला हवा. वेळापत्रक तर नेमके उलटे सांगते!

‘हवासुद्धा पृथ्वीबरोबर फिरते’ एवढे म्हणून आपण ही शंका मोडीत काढतो. उत्तर बरोबर आहे, पण ते मुलाच्या मनात उतरायचे असेल तर त्याचाच विचार थोडा पुढे न्यावा. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० कि.मी. वेगाने पूर्वेकडे जाते. मुंबईच्या अक्षांशावर हा वेग ताशी सुमारे १,५८० कि.मी. आहे. शंका खरी असती, तर मुंबईवर हेलिकॉप्टर नुसते तरंगत ठेवून सव्वादोन तासांत जेद्दाच्या रेखांशावर पोहोचता आले असते. आणि हवा जर पृथ्वीबरोबर फिरत नसती, तर मुंबईत उभ्या असलेल्या माणसाला पूर्वेकडून ताशी १,५८० कि.मी. वेगाचा वारा रात्रंदिवस सोसावा लागला असता. ताशी अडीचशे कि.मी. वेगाचे चक्रीवादळ गावे उद्ध्वस्त करते. तेव्हा असे वारे वाहत नाहीत ही गोष्टच हवा पृथ्वीबरोबर फिरत असल्याचा पुरावा आहे.

जमिनीवरून उडताना विमानाजवळही पृथ्वीचा हा वेग असतोच. धावत्या एस.टी.त सरळ वर उडवलेले नाणे पुन्हा हातातच पडते, मागच्या बाकावर जात नाही. गॅलिलिओने १६३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच मुद्दा जहाजाच्या उदाहरणाने मांडला होता.

मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा एक परिणाम प्रवाशाला खरोखर दिसतो. ६० अंश अक्षांशावर जमिनीचा वेग ताशी सुमारे ८३५ कि.मी. असतो, म्हणजे जवळजवळ विमानाच्या वेगाइतकाच. त्यामुळे तेथे पश्चिमेला जाणारे विमान सूर्याबरोबर चालते. रात्री दीड वाजता मुंबई सोडलेल्या विमानासाठी रात्र संपतच नाही. सोळा तासांनी ते उतरते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये नुकते उजाडत असते. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे खिडकीबाहेरची रात्र लांबते, पण प्रवास त्यामुळे आखूड होत नाही.

वारा कुठून येतो?

हवा पृथ्वीबरोबर फिरते हे खरे, पण सगळीकडे अगदी त्याच वेगाने नव्हे. काही ठिकाणी ती पृथ्वीच्याही पुढे धावते, आणि दोन तासांचा फरक तेथेच पडतो.

विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते आणि उंचावरून ध्रुवांकडे निघते. विषुववृत्तावर असताना ती पृथ्वीबरोबर ताशी १,६७० कि.मी. वेगाने पूर्वेकडे जात होती. ३० अंश अक्षांशावर पोहोचली की पृथ्वीच्या अक्षापासूनचे तिचे अंतर ०.८७ पट होते. फिरणारी वस्तू अक्षाजवळ आली की तिचा वेग वाढतो. कोनीय संवेग कायम राहण्याचा हा नियम आहे. बॉलपेनच्या रिकाम्या नळीतून दोरा ओवून, टोकाला खोडरबर बांधून ते गरगर फिरवा आणि दोऱ्याचे खालचे टोक ओढा. वर्तुळ लहान होताच खोडरबर जोरात फिरू लागते.

हाच हिशेब हवेला लावू. तिचा वेग १,६७० भागिले ०.८६६, म्हणजे ताशी सुमारे १,९३० कि.मी. होईल. ३० अंशांवरच्या जमिनीचा वेग मात्र १,६७० गुणिले ०.८६६, म्हणजे ताशी सुमारे १,४४५ कि.मी. तेव्हा जमिनीवर उभे राहून पाहणाऱ्याला ही हवा पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी ४८० कि.मी.हून अधिक वेगाने जाताना दिसली पाहिजे. प्रत्यक्षात घर्षण आणि हवेची सरमिसळ यांमुळे वेग इतका राहत नाही. तरी ताशी १५० ते ३०० कि.मी. वेगाचे पट्टे या उंचीवर नेहमी आढळतात. त्यांनाच जेट वारे म्हणतात. त्याहून उत्तरेला, ध्रुवाकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा जेथे भेटतात तेथेही असाच एक पट्टा असतो. हिवाळ्यात तापमानातील तफावत वाढते, तसे हे वारे अधिक जोर धरतात. दोन्ही पट्टे साधारण ९ ते १२ कि.मी. उंचीवर, तपांबराच्या वरच्या कडेला असतात आणि प्रवासी विमाने नेमकी याच उंचीवरून उडतात.

म्हणजे मुलांची शंका एका अर्थी योग्य होती. पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवासाच्या वेळेवर परिणाम होतोच, मात्र तो वाऱ्याच्या मार्फत आणि अपेक्षेच्या उलट दिशेने. पृथ्वी फिरते म्हणून पश्चिमेला जाणे अवघड आणि पूर्वेला जाणे सोपे झाले आहे.

या वाऱ्यांचा शोध जरा विचित्र रीतीने लागला. जपानमधील तातेनो येथील वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून वरच्या हवेचे वेग मोजले. हिवाळ्यात फार जोराचे पश्चिमी वारे असल्याचे त्यांना आढळले. जगभर वाचला जावा म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला, आणि त्यामुळेच तो फार थोड्यांनी वाचला. १९४४ च्या अखेरीस जपानवर उंचावरून आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांच्या वैमानिकांना या वाऱ्यांचा प्रत्यक्ष फटका बसला, तेव्हा त्यांचे महत्त्व सर्वांना कळले.

भारताचाही या वाऱ्यांशी जवळचा संबंध आहे. हिवाळ्यात पश्चिमी जेट वारा हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावरून वाहतो. पावसाळा सुरू होताना तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर सुमारे १४ कि.मी. उंचीवर पूर्वेकडून येणारा जेट वारा प्रस्थापित होतो. पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ साली या पूर्वेच्या जेट वाऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोसमी पावसाच्या अभ्यासात तो आजही महत्त्वाचा मानला जातो.

वारा न धरल्याची किंमत

वेग दोन प्रकारचे असतात, हे येथे पक्के करून घ्यावे. एक विमानाचा हवेच्या संदर्भातला वेग आणि दुसरा जमिनीच्या संदर्भातला. इंजिन पहिला वेग देते. आपण पोहोचतो दुसऱ्या वेगाने. ८ फेब्रुवारी २०२० रोजी न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले. एरवी या प्रवासाला सहा तासांहून अधिक वेळ लागतो. वादळामुळे जोर धरलेला जेट वारा त्याच्या पाठीशी होता आणि जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० कि.मी.च्या वर गेला होता. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० कि.मी. असतो. मग त्या विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला काय? नाही. भोवतालच्या हवेच्या संदर्भात ते नेहमीच्याच वेगाने चालले होते.

हा भेद परीक्षेपुरता नाही. २ ऑगस्ट १९४७ रोजी ‘स्टार डस्ट’ नावाचे ब्रिटिश प्रवासी विमान अर्जेंटिनातील ब्यूनोस आयर्सहून अँडीज पर्वत ओलांडून चिलीतील सँटियागोला निघाले. खाली ढगांचा थर होता, त्यामुळे जमीन दिसत नव्हती. आपण कुठे आहोत हे वैमानिकांना वेग आणि गेलेला वेळ यांच्या गुणाकारावरून ठरवावे लागत होते. ५ वाजून ४१ मिनिटांनी त्यांनी संदेश दिला की आपण ५.४५ ला सँटियागोला पोहोचत आहोत. त्यानंतर विमान नाहीसे झाले. सुमारे पन्नास वर्षांनंतर तुपुंगातो शिखराच्या हिमनदीतून त्याचे अवशेष बाहेर येऊ लागले आणि २००० साली शोधपथकाने ते तपासले. तपास करणाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की समोरून येणाऱ्या जेट वाऱ्यामुळे विमानाचा जमिनीच्या संदर्भातला वेग फार कमी झाला होता. अँडीज मागे पडला असे समजून वैमानिकांनी विमान खाली आणले. प्रत्यक्षात पर्वत अजून पुढेच होता. विमानातील अकराही माणसे मृत्युमुखी पडली. गुणाकार चुकला नव्हता, त्यात घातलेला वेग चुकीच्या संदर्भातला होता.

आज उपग्रह, हवामानाचे फुगे आणि खुद्द विमाने यांच्याकडून वाऱ्याची मोजमापे सतत मिळत असतात. उड्डाणापूर्वी त्या दिवसाच्या वाऱ्यांचा अंदाज घेऊन वाट आणि इंधन ठरवले जाते. म्हणूनच एकाच मार्गावरचे विमान रोज थोड्या वेगळ्या वाटेने जाते.

लांबची वाट, कमी वेळ

याचे एक सुरेख उदाहरण आपल्याच देशातले आहे. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रॅन्सिस्को विमान २०१५ च्या डिसेंबरात सुरू झाले, तेव्हा ते पश्चिमेकडून, अटलांटिक ओलांडून सुमारे १३,९०० कि.मी.चा प्रवास करी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. या वाटेने अंतर सुमारे १५,३०० कि.मी. झाले, म्हणजे १,४०० कि.मी.नी वाढले. वेळ मात्र सुमारे साडेचौदा तासांवर आला, आधीपेक्षा जवळजवळ दोन तासांनी कमी. परतीचे विमानही पूर्वेकडेच, अटलांटिकवरून येत असे. दोन्ही वेळा वारा पाठीशी राहावा म्हणून ते विमान एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणाच करी!

सर्वांत जवळची वाट आणि सर्वांत कमी वेळाची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते. पहिली केवळ भूमितीवर अवलंबून असते, तर दुसरीवर वारा आणि त्या दिवसाचे हवामान यांचाही परिणाम होतो.

‘जाताना वारा विरुद्ध आणि येताना अनुकूल, म्हणजे एकूण वेळ तेवढाच’ असेही पुष्कळांना वाटते. ते तपासून पाहू. १२,५४० कि.मी. अंतर, विमानाचा वेग ताशी ९०० कि.मी. वारा नसेल तर जाऊन-येऊन सुमारे २७ तास ५२ मिनिटे लागतील. आता ताशी १०० कि.मी. वेगाचा वारा धरा. जाताना वेग ८०० होऊन १५ तास ४० मिनिटे लागतील, येताना वेग १,००० होऊन १२ तास ३२ मिनिटे. एकूण २८ तास १२ मिनिटे. सुमारे २० मिनिटे वाढलीच! याचे कारण, विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक तास काढते आणि अनुकूल वाऱ्यात कमी. वाऱ्याचा वेग ९०० पर्यंत वाढवून पाहिला, तर जाणारे विमान कधीच पोहोचणार नाही. मग येताना ते कितीही लवकर आले तरी काय उपयोग?

वेळापत्रकातून वारा मोजू या

आता फळ्यावरच्या चार ओळींकडे परत जाऊ. जाण्याचे १६ आणि येण्याचे १४ तास यांत विमान धावपट्टीपर्यंत नेण्या-आणण्याचा वेळ असतो. त्यासाठी प्रत्येकी अर्धा तास वजा करू. उरले १५.५ आणि १३.५ तास.

जातानाचा वेग : १२,५४० भागिले १५.५ = ताशी ८०९ कि.मी.
येतानाचा वेग : १२,५४० भागिले १३.५ = ताशी ९२९ कि.मी.
दोहोंची सरासरी : ताशी ८६९ कि.मी.
दोहोंतील फरकाचा निम्मा : ताशी ६० कि.मी.

सरासरी हा विमानाचा हवेतील वेग आणि फरकाचा निम्मा हा वाऱ्याचा वेग. विमानाने ताशी ९०० च्या आसपास उडायला हवे, त्या मानाने ८६९ थोडा कमी आला, कारण चढताना-उतरताना वेग कमी असतो आणि वाट दोऱ्यासारखी सरळ नसते. वाऱ्याचे ताशी ६० कि.मी. ही सगळ्या मार्गावरची सरासरी आहे. विमान काही तासच जोरदार वाऱ्यात असते. शिवाय जाताना वारा टाळणारी आणि येताना वारा पकडणारी अशा वेगळ्या वाटा घेतल्या जातात. तेव्हा हे उत्तर ढोबळ आहे, परंतु दिशा अचूक आहे आणि आकडा योग्य पल्ल्यातला आहे. कोणतेही उपकरण न वापरता, वर्गात बसून दहा कि.मी. उंचीवरचा वारा मोजला, ही गोष्ट काही लहान नाही.

विद्यार्थ्यांकडून करून घ्या

१. पृथ्वीगोलावर विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजा. ती ४०,००० कि.मी. धरा. आता मुंबई–न्यूयॉर्क दोऱ्याची लांबी मोजून त्रैराशिकाने अंतर काढा. (३० सें.मी. व्यासाच्या गोलावर हा दोरा सुमारे साडेएकोणतीस सें.मी. भरेल.)

२. तोच दोरा मुंबई–नैरोबी आणि मुंबई–सिडनी या जोड्यांवर ताणा. नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा तो किती वेगळा जातो? विषुववृत्ताजवळच्या जोडीत फरक कमी का पडतो?

३. परदेशी आप्त असलेल्या विद्यार्थ्यांना जाण्या-येण्याच्या तिकिटांवरील वेळा आणायला सांगा. वर दिलेल्या रीतीने प्रमाणवेळेतील फरक काढून टाका आणि वाऱ्याचा वेग काढा. वाटेत कुठे थांबणारी विमाने या कामी घेऊ नयेत.

४. जानेवारीतील आणि जुलैमधील वेळा मिळाल्या, तर जाण्या-येण्यातील फरक कोणत्या महिन्यात अधिक आहे ते पहा आणि कारण शोधा.

५. उत्तर-दक्षिण दिशेच्या प्रवासात, उदाहरणार्थ लंडन–केपटाउन, जाण्या-येण्याच्या वेळांत फरक फार कमी असतो. तो का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.